तक्रारदाराची साक्ष

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांपैकी सगळ्यात जोरदार पत्रकानं एका बाईची बसायची जागा घालवली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ती जागा परत मिळवण्याबद्दल आहे.

पत्रकं आमच्या घरात पीठमिठासारखी होती. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, आणि युनियनचं लिखाण त्यांच्याकडे. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. त्याच्या शाईचा वास आमच्या अंथरुणांनासुद्धा यायचा. मी अक्षरं लावायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांवर. चौथीत 'माझा आवडता ऋतू' या विषयावर निबंध लिहिला, तेव्हा बाई म्हणाल्या, "मागण्या मान्य न झाल्यास हिवाळा संपावर जाईल, एवढंच लिहायचं राहिलंय." उरलेली पत्रकं आई फडताळात डब्यांखाली अंथरायची. वडिलांनी एकदा नाराजी दाखवली, तर म्हणाली, "अहो, माणसं वाचत नाहीत, निदान डब्यांना तरी वाचू दे."

संविधानाची प्रत मात्र डब्यांखाली कधी गेली नाही. सुट्टीच्या दिवशी वडील तिच्यातलं एखादं कलम मोठ्यानं वाचायचे आणि आम्हाला अर्थ विचारायचे. एकोणिसावं कलम आलं की 'हवा तो व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य', एकविसावं आलं की 'जगण्याचा हक्क' असं मी धडाधड सांगायची. "जगण्यात पोट येतं, बरं का," असं ते दर वेळी जोडायचे. मला वाटायचं, कलम आहे म्हणजे हक्क आहे. माणसापर्यंत तो पोचत नसेल तर मधे फक्त एक चांगलं पत्रक कमी पडतंय.

शिक्षण संपल्यावर मी नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायला आले. सकाळी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायच्या आणि संध्याकाळी पथारीवाल्यांच्या संघटनेचं काम करायचं. पथारी म्हणजे पदपथावर मांडलेलं दुकान. आमच्या रस्त्यावर अशी पंचवीस-तीस माणसं बसत. भाजी, फुलं, रुमाल, कुलपांच्या चाव्या. त्यांच्यातच, एका चारमजली सोसायटीच्या फाटकाशेजारी, बदामाच्या झाडाखाली खाला, म्हणजे मावशी, बसायच्या.

खाला पटवेकरी होत्या. मंगळसूत्रं, पोती, मोहनमाळा गाठवून देणं हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, ताणून धरायचा, आणि बोटांनी काळे मणी इतक्या झरझर ओवायचे की बघणारीला वाटावं, मणी स्वतःच चढताहेत. सासूबाई गेल्यावर त्या या जागेवर बसू लागल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. रोज मोमीनपुऱ्यातून चालत यायच्या. सामान काय, तर एक पत्र्याची पेटी आणि एक चटई. गिऱ्हाइकं सगळी पेठेतल्या घरांतली. एकोणीस वर्षांत कितीतरी लेकी-सुनांच्या गळ्यातलं या मुसलमान बाईच्या हातून गाठवून गेलं होतं आणि त्यात कुणाला विशेष काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी तसं एकदा म्हणाले, तर खाला म्हणाल्या, "बेटा, गाठ घट्ट बसली की बाई खूश. धर्म कोण बघतंय, मणी बघतात."

त्यांच्या धंद्याची एक रीत होती. सोनं ठेवून घ्यायचं नाही. गिऱ्हाईक चटईच्या कडेला बसणार, तिच्या डोळ्यांसमोर जुना दोरा तुटणार, वाट्या आणि मणी तिच्यासमोर सुटे होणार आणि तिच्यासमोरच पुन्हा ओवले जाणार. त्यामुळे पावती नाही, वही नाही, कसलाच कागद नाही. "कागद लागतो तिथं भरवसा नसतो," असं त्या म्हणायच्या. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. पुढे त्याच वाक्यानं माझा घाम काढला.

तेव्हा पथारीवाल्यांसाठी संसदेनं केलेला कायदा नवा होता. रस्त्यावर बसून विकणाऱ्या प्रत्येकाचं आधी सर्वेक्षण करायचं, मग त्याला प्रमाणपत्र द्यायचं, आणि ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असा त्याचा गाभा. मी तो मराठीतून अक्षरशः तोंडपाठ केला होता. ज्या कलमांचा अर्थ वडील मला विचारायचे, त्यांना आता पाय फुटले आहेत असं मला वाटत होतं. पण आमच्या भागात सर्वेक्षणाचा पत्ता नव्हता. एके दिवशी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर सूचना लागली. कुणीतरी तिचा फोटो पाठवला. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की सर्वेक्षण 'टप्प्याटप्प्याने' करण्यात येईल.

टप्प्याटप्प्याने! या एका शब्दावर माझं डोकं असं तापलं की मी पुढचं वाचलंच नाही. तासाभरात पत्रक तयार झालं. 'टप्प्याटप्प्याने भूक लागते काय?' हा मथळा. खाली मागणी एकच, आमचं सर्वेक्षण तात्काळ करा. मोर्चाची तारीख, वेळ, ठिकाण. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "झकास. उद्गारचिन्हं दोन कमी कर."

मी घरोघर नव्हे, पथारीपथारीवर जाऊन पत्रक वाटलं. सगळे यायला तयार झाले. खाला तयार नव्हत्या.

"मी आले तर इथं कोण बसणार?"

"खाला, एका सकाळचाच तर प्रश्न आहे."

"सकाळीच बायका येतात. घरातलं आटपून, नवरे ऑफिसला गेले की. जागा रिकामी दिसली तर म्हणतील, पटवेकरीण गेली."

"एक दिवस नाही दिसलात तर काय होतं?"

खालांनी दोरा दातानं तोडला. "भाजीवाला नाही दिसला तर दुसऱ्याकडून भाजी घेतात. सोनं कुणी अनोळखी हातात देत नाही, बेटा. मला तरी कुठं ओळखतात? जागेला ओळखतात. या झाडाखाली बसते ती बाई खरी, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्या रस्त्यावर बसले तर मी कोण?"

मी मग ते वाक्य बोलले जे आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, "सगळे हक्कासाठी येणार आणि तुम्ही सावलीत बसणार? मग उद्या सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं तर तुम्ही कुठल्या तोंडानं घेणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "येते."

मोर्चा देखणा झाला. चाव्यावाल्याचा आवाज खणखणीत होता, घोषणा त्याच्याकडे होत्या. रस्त्यावर एकही पथारी नव्हती, शंभर टक्के बंद, याचा मला अभिमान वाटत होता. कार्यालयाच्या पायऱ्यांवर अधिकारी स्वतः खाली आले. निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ. त्यांनी निवेदन घेतलं आणि, जे सहसा कुणी करत नाही ते केलं. शेवटपर्यंत वाचलं.

"सर्वेक्षण करा, अशी आपली मागणी आहे?"

"तात्काळ!" मी म्हणाले. मागून घोषणा झाली.

"अहो ताई, पण आमची माणसं सकाळी दहालाच तुमच्या रस्त्यावर गेली आहेत. सूचनेच्या खाली तक्ता दिला होता. रस्ता, तारीख, वेळ." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आमच्या मागच्या गर्दीवर नजर फिरवली. "सगळे इथंच आलात का?"

चाव्यावाल्याचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग कुणीतरी हसलं आणि पुढच्या क्षणी सगळे धावत सुटलो. फुलवाली रिक्षात बसली, तिच्या मांडीवर रुमालवाला. आम्ही पोचलो तेव्हा गळ्यात ओळखपत्र लटकवलेले दोन तरुण टॅब बॅगेत घालत होते. त्यांनी सगळा रस्ता चालून पाहिला होता, फोटो काढले होते आणि प्रत्येक फोटोत स्वच्छ, मोकळा, रिकामा पदपथ होता. नोंद झाली होती, 'विक्रेते आढळले नाहीत.'

खाला सगळ्यांच्या मागून चालत आल्या. झाडाखालची पानं हातानं बाजूला केली, चटई अंथरली आणि बसल्या.

अधिकारी भला माणूस होता. त्यानं आठवड्याभरात दुसरी फेरी जाहीर केली. पण पहिल्या फेरीत गैरहजर असलेल्यांना एक अट होती. सर्वेक्षणाच्या आधीपासून आपण त्याच जागी बसतो, याचा कुठला तरी अधिकृत कागद फेरीआधी, दिलेल्या मुदतीत दाखवायचा. बाकीच्यांचं भागलं. कुणाकडे जुना परवाना होता. बहुतेकांकडे अतिक्रमण विभागानं गाडीत माल भरून नेल्याच्या दंडाच्या पावत्या होत्या, रस्त्याच्या नावासकट. ज्या पावत्यांवर शिव्या घालत दिवस काढले, त्या आता लोक इस्त्री करून आणत होते.

खालांकडे दंडाची पावतीही नव्हती. अतिक्रमणाची गाडी आली की भाजीवाले पाट्या घेऊन पळत, पकडले जात. खाला पेटी बंद करत, चटई गुंडाळून पाठीमागे टाकत आणि पेटीवर बसून रस्त्याकडे बघत राहत. बसची वाट बघणाऱ्या बाईला कोण पकडणार? एकोणीस वर्षं त्या एकदाही सापडल्या नव्हत्या, आणि म्हणून आता त्या तिथं कधी नव्हत्याच.

आम्ही गिऱ्हाइकांची पत्रं जमवली. पेठेतल्या बायकांनी भरभरून लिहून दिलं. अधिकाऱ्यांनी ती बाजूला सारली नाहीत, नीट लावून ठेवली. म्हणाले, "मला खरं वाटतंय. पण ही सगळी या आठवड्यातली पत्रं आहेत. जुन्या तारखेचा, कुठल्या तरी कार्यालयाचा शिक्का असलेला एक कागद आणा. एकच. मी सही करतो."

मी त्या दिवशी खालांना म्हणाले की मी यावर एक पत्रक काढते.

"बेटा," त्या म्हणाल्या, "आता थोडे दिवस लिहू नकोस."

मुदत संपायला चार दिवस उरले होते. मी सोसायटीच्या फाटकाशी उभी होते, तेव्हा काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले. दुसऱ्या मजल्यावर राहणारे, कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. येता-जाता आमच्याकडे असं बघायचे जसं सांडलेल्या दुधाकडे बघावं.

"त्या पत्रकवाल्या आपणच ना?"

"हो."

"नऊ वर्षं मी लेखी मागणी करतोय, या बाईंना आमच्या फाटकाजवळून हलवा म्हणून. कार्यालय ढिम्म. आपण एका सकाळीत करून दाखवलंत." त्यांनी काठी बगलेत धरून खरोखर हात जोडले. "अभिनंदन."

आणि ते फिरायला निघून गेले.

मी तिथंच पेटून उभी राहिले. काय काय उत्तरं द्यायला हवी होती ते मनात जुळवू लागले. तिसऱ्या उत्तरावर माझं मलाच थांबावं लागलं. नऊ वर्षं. लेखी.

संध्याकाळी मी त्यांची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"वर्गणी असेल तर नाही."

"वर्गणी नको. तुमच्या तक्रारी हव्यात."

"कुठल्या? विषय सांगा. पाणी, कचरा, लाउडस्पीकर, मोकाट कुत्री."

"खालांबद्दलच्या."

"पदपथ अतिक्रमण. तिसरी फाइल." साखळी निघाली. "चपला बाहेर."

त्यांनी फाइल काढली. प्रत्येक तक्रारीची प्रत, प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि कार्यालयाचा गोल शिक्का. मी पहिली वाचली. 'आमच्या इमारतीच्या फाटकापासून पूर्वेस, बदामाच्या वृक्षाखाली, मंगळसूत्रे गाठविणारी एक मुस्लिम महिला रोज सकाळी साडेनऊ ते सायंकाळी सहा या वेळेत पत्र्याची पेटी मांडून बसते. ईदचे दिवस वगळता तिची अनुपस्थिती आढळत नाही.' आमच्या तीस पत्रांत मिळून इतका पुरावा नव्हता.

त्यांनी माझ्या हातातून फाइल परत घेतली.

"म्हणजे या कागदांचा उपयोग त्या बाईंना कायमचं तिथं बसवण्यासाठी होणार. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ते मी द्यायचे."

"हो."

"चहा घेणार?"

चहा होईपर्यंत मी बोलत राहिले. एकोणिसावं कलम, एकविसावं कलम, पोट, प्रतिष्ठा, नवा कायदा. त्यांनी मला एकदाही तोडलं नाही. कप समोर ठेवून म्हणाले, "संविधान मीही वाचलंय. तुमच्या जन्माआधी. त्यात देशभर मुक्तपणे संचार करण्याचाही हक्क आहे. मी देशभर मागत नाही. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत मागतोय." त्यांनी पायजमा थोडा वर ओढला. गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा लांब व्रण होता. "पदपथावर त्यांच्या गिऱ्हाइकांचे पाय पसरलेले असतात. मी काठी घेऊन रस्त्यावर उतरतो. दुचाकीवाले काय वेगानं येतात ते आपण पाहता. दोनदा पडलो. माझ्यावर कुणी पत्रक काढलं?"

घरी शिकवलेली सगळी पत्रकं एका बाजूला कामगार आणि दुसऱ्या बाजूला मालक अशी होती. दुखऱ्या गुडघ्याचा म्हातारा त्यांत कुठं बसवायचा ते मला माहीत नव्हतं. मी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चुकलंच, काका."

"त्या बाईंना घेऊन या," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलून उपयोग नाही. तुम्हाला सगळं पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी खाला वर आल्या. ज्या इमारतीच्या सावलीत एकोणीस वर्षं काढली, तिचा जिना त्या पहिल्यांदा चढत होत्या. खुर्चीत बसल्या नाहीत, दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या. काकांनी पाणी आणून दिलं.

"आपलं काम उत्तम आहे," ते म्हणाले. "आमच्या हिची पोत दोनदा गाठवली होतीत. तो भाग वेगळा."

"ताई चष्म्याच्या होत्या. पोवळं घातलेली पोत," खाला म्हणाल्या. "गेल्या ते कळलं होतं मला. वर यावं की नाही, समजलं नाही."

काकांनी रिकामा पेला आत नेऊन ठेवला. मग घसा साफ करून म्हणाले, "मुद्द्यावर येऊ. पाय."

"कुणाचे?"

"आपल्या गिऱ्हाइकांचे. फाटकाच्या बाजूला तोंड करून बसतात, पाय आडवे पसरतात. मला जाता येत नाही."

खालांनी डोळे मिटून जागा आठवली. "झाडाच्या पलीकडे विजेचा डबा आहे. मी पाठ त्याला लावून बसले, तर बायकांचे पाय भिंतीकडे येतील. रस्ता मोकळा. ऊन दुपारी येईल, छत्री लावीन."

"डब्याच्या अलीकडे किती अंतर राहतं?"

"तुमची काठी आडवी धरली तर एवढं."

काका उठले. खिडकीत गेले. खाली वाकून बराच वेळ बघत राहिले, हातानं हवेत काहीतरी मोजलं. परत येऊन बसले. "नऊ वर्षांत हे कुणी सुचवलं नाही."

"तुम्ही मला कधी लिहिलंच नाही," खाला म्हणाल्या. "ऑफिसला लिहिलंत. मला वाचता येतं. चौथीपर्यंत मराठी शाळेत होते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू या वाक्याला जबाबदार मीच. पण ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. "फाइल देणार नाही," ते म्हणाले. मी उठायलाच लागले. "माझी फाइल मी कुणाच्या हातात देत नाही. मी स्वतः घेऊन येईन."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल छातीशी धरून रिक्षातून उतरले. अधिकाऱ्यांच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो. अधिकारी एकेक तक्रार वाचत गेले. सातव्या-आठव्या तक्रारीला त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काका, मला समजू द्या. या सगळ्यांत तुम्ही यांना हटवा म्हणताय."

"होय."

"आणि आज यांना प्रमाणपत्र द्यावं म्हणून आलाय?"

"मी असं म्हटलेलं नाही. प्रमाणपत्र कुणाला द्यायचं हा आपला प्रश्न. मी वस्तुस्थिती सांगायला आलोय. या बाई तिथं बसतात. रोज बसतात. मी नऊ वर्षं लिहितोय. त्या तिथं कधी नव्हत्या असं आपल्या कार्यालयाचं म्हणणं असेल, तर मी नऊ वर्षं खोट्या तक्रारी केल्या असा अर्थ होतो. तसं मला लेखी द्या."

शेजारच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला.

"तसं कसं देणार?" अधिकारी म्हणाले.

"मग दुसरं द्या."

अधिकारी हसले, अगदी मोकळे. त्यांनी सगळ्यात जुन्या तक्रारीची छायाप्रत काढून घेतली, खालांच्या अर्जाला जोडली आणि सही केली. काका उठता उठता म्हणाले, "जागा बदललीय. विजेच्या डब्याच्या अलीकडे. नोंद तशी करा. जुन्या जागेला माझी हरकत कायम आहे."

वडिलांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आम्ही गेटवर पत्रकं वाटायचो ना, तेव्हा आतल्या क्लार्क लोकांना कधी दिली नाहीत. साहेबांची माणसं म्हणून. उगाच." एवढंच. मी त्या रात्री काही लिहिलं नाही.

दोन दिवसांनी टॅबवाल्या दोघांपैकी एक तरुण दुसऱ्या फेरीसाठी आला. या वेळी रस्त्यावर सगळे जागच्या जागी होते. इतके जागच्या जागी, की चाव्यावाला पाणी प्यायलाही उठेना. खाला डब्याला पाठ लावून बसल्या होत्या, वर काळी छत्री, समोर एक गिऱ्हाईक. त्या बाईचं मंगळसूत्र अर्धं ओवून झालं होतं.

"मावशी, इकडे बघा, फोटो," तरुण म्हणाला.

"थांब, बेटा. अर्ध्यात सोडता येत नाही."

"दोन सेकंदांचं काम आहे."

"माझंही दोन मिनिटांचं. बाईचा गळा मोकळा आहे, दिसत नाही का?"

तरुणानं बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अजिबात मदत केली नाही. तो टॅब पोटाशी धरून उभा राहिला. त्याच्या मागून पदपथावरून दोन शाळकरी मुली गेल्या, एक पिशवी घेतलेले आजोबा गेले, आणि कुणालाही खाली उतरावं लागलं नाही. खालांनी शेवटची गाठ मारली, अंगठ्यातून दोरा सोडला, मंगळसूत्र हातावर तोलून बाईच्या हाती दिलं. बाईनं ते घातलं आणि उठली. मग खालांनी पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

फोटो झाला. अंगठ्याचा ठसा झाला. त्याला तीन वेळा घ्यावा लागला, कारण दोऱ्यानं त्यांच्या बोटांच्या रेषा झिजवल्या होत्या.

"व्यवसाय?" तरुणानं विचारलं आणि स्वतःच पडद्यावरची यादी वर-खाली केली. "भाजी, फळं, फुलं, खाद्यपदार्थ, कपडे... तुमचं इतर मध्ये टाकतो."

"इतर म्हणजे?"

"यात नाही ते सगळं."

"मी यात नाही?"

"मावशी, यादी वरून येते. मी काय करणार?"

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक आलं होतं. मी ते गिळलं. खालांनी त्याला चटईच्या कडेला बसायची खूण केली, गिऱ्हाइकांच्या जागी. तो संकोचत बसला. त्यांनी पेटी उघडली आणि एकेक गोष्ट त्याला दाखवली. हा रेशमाचा दोरा, हा मेण लावलेला. हे बारीक मणी, हे भरड. ही सुई माझ्या सासूची. "याला पटवेकरी म्हणतात. या शहरात किती उरलो ते मला माहीत नाही. तुझ्या आईचं मंगळसूत्र कुणी गाठवलंय, तिला विचार."

तरुणानं पडद्यावर खाली, अगदी तळाशी, शेऱ्याचा एक छोटा रकाना शोधून काढला. एका बोटानं सावकाश टाइप केलं आणि टॅब त्यांच्यासमोर धरला. खालांनी ओठ हलवत अक्षरं वाचली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

"हां," त्या म्हणाल्या. "आता दाब."